सहा महिन्यांचं पाहुणं यंत्र

संपादकांचं पत्र आलं की कस्टममधल्या गमतीजमती लिहून पाठवा, दिवाळीत वाचक हसले पाहिजेत. कस्टम म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे सोन्याची बिस्किटं येतात. मी जवळजवळ तीस वर्षं गोदीत काढली, सोन्याचं बिस्कीट एकदाही पाहिलं नाही. साधी बिस्किटं पाहिली, ती चहात बुडवून खाल्ली.

आणि खरं सांगायचं तर मी कस्टमचा माणूसच नव्हे. मी क्लिअरिंग एजंटाकडचा कारकून. बोटीतून कुणाचा माल उतरला की त्याचे कागद घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर फिरणारा, सह्या गोळा करणारा, माल तपासताना तपासनिसाच्या शेजारी उभा राहणारा. डोंबिवलीत मात्र सगळे मला कस्टमचे साहेब म्हणायचे. तेव्हा डोंबिवलीत घरं थोडी आणि भाताची खाचरं जास्त, त्यामुळे कुणीही साहेब होत असे. मीही कुणाची चूक दुरुस्त केली नाही. फुकटचा मान कोण नाकारतो?

माझ्याकडे आमच्या शेठनी एक वेगळं काम दिलं होतं, परत जाणाऱ्या मालाचं. परदेशातून बहुतेक माल इथं विकायला येतो. त्याची जकात भरली की विषय संपला. पण काही वस्तू नुसत्या येऊन जातात. कारखान्यात चालवून दाखवायला आणलेलं यंत्र, सर्कशीतली जनावरं, जग फिरायला निघालेल्या गोऱ्याची मोटार. यांची जकात घेत नसत. त्याऐवजी हमीपत्र लिहून द्यावं लागे, की सहा महिन्यांच्या आत हीच वस्तू, अशीच्या अशी, आम्ही देशाबाहेर नेऊ. नाही नेली तर जकातही भरू आणि दंडही. आमच्याकडे कुणी नवा उमेदवार आला की मी त्याला एवढंच सांगत असे: हा पाहुणा आहे. तो इथंच राहिला तर गुन्हा, आणि त्याच्या जागी दुसराच कुणी गेला तर मोठा गुन्हा.

ऐकायला सोपं आहे. एकदा कल्याणला मैदानावर एक परदेशी सर्कस उतरली. कागदावर सहा घोडे. कल्याणच्या मुक्कामात एक घोडी व्याली. परत जायच्या वेळी गोदीत सात घोडे उभे. तपासनीस म्हणाला, हा सातवा इथला आहे, त्याला बाहेर न्यायचा वेगळा परवाना आणा. त्या शिंगराच्या परवान्यासाठी मी चार दिवस चपला झिजवल्या. अर्जात मालाचं उत्पत्तिस्थान विचारलं होतं. मी ‘कल्याण’ लिहिलं.

दुसऱ्यांदा एका गोऱ्या जोडप्याची मोटार खडवलीजवळच्या कच्च्या रस्त्यावर रुतली. तिथल्या एका म्हाताऱ्यानं बैल लावून ती ओढून काढली. जोडप्यानं खूश होऊन त्याला जादा चाक भेट दिलं. कागदावर पाच चाकं, गोदीत चार. मग मी खडवलीला. म्हाताऱ्यानं ते चाक गोठ्याच्या दाराशी ठेवून त्यावर बैठक केली होती. दिलेली वस्तू परत न्यायला सरकार माणूस पाठवतं का, असं त्यानं मला शांतपणे विचारलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुमचा पाहुणा या चाकापायी अडकून पडलाय, म्हटल्यावर मात्र त्यानं स्वतःच चाक उचललं आणि स्टेशनापर्यंत आणून दिलं. हमीपत्र त्याला कळलं नाही, पाहुण्याची अडचण कळली.

झाल्या गमतीजमती. संपादकांनी इथं थांबायला हरकत नाही. पण इतकी वर्षं गप्प राहिलो ती गोष्ट हिराजीची आहे, आणि ती हसण्याजोगी नाही.

ठाण्याला स्टेशनपासून पायी पंधरा मिनिटांवर एक कारखाना होता. स्क्रू, बोल्ट, सायकलीचे सुटे भाग तयार व्हायचे. तिथल्या मालकांनी स्वित्झर्लंडहून स्क्रू कापायचं एक स्वयंचलित यंत्र सहा महिन्यांसाठी मागवलं. चालवून बघायचं, पसंत पडलं तर तसली दोन विकत घ्यायची आणि कारखान्यात नवीन विभागच काढायचा. कागद माझ्याकडे. यंत्र बोटीतून उतरलं तेव्हा मी आणि तपासनीस दोघं त्याच्यासमोर बसलो. अशा यंत्राची ओळख म्हणजे त्याच्या अंगावर ठोकलेला नंबर. नंबरावर पातळ कागद धरायचा, वरून पेन्सिल घासायची, म्हणजे त्याचा ठसा उमटतो. तो ठसा हमीपत्राला जोडायचा, परत जाताना पुन्हा ताडून पाहायचा. हा ठसा मीच माझ्या हातानं घेतला. नंबरात दोन सात होते आणि दोन्ही सातांच्या मधोमध आडवी रेघ होती. तिकडचे लोक सात तसाच काढतात. मी तपासनिसाला म्हणालोसुद्धा, बघा, सातानं करदोटा बांधलाय.

यंत्राबरोबर केलर नावाचे एक इंजिनियर आले होते, उंच, मितभाषी. त्यांच्या हाताखाली मालकांनी आपला सगळ्यात चांगला फिटर दिला, तो हिराजी. कळव्याच्या पलीकडे खाडीकाठच्या गावचा आगरी माणूस. बाप आणि आजा मिठागरावर राबलेले. घराण्यातून कारखान्यात आलेला हा पहिलाच, आणि कुठल्याही शाळेत न जाता नुसता हातानं शिकलेला. वय असेल पस्तिशीचं. केलरना मराठी येत नव्हतं, हिराजीला इंग्रजी. दोघं बोटांनी आणि पान्यांनी बोलायचे. मी अधूनमधून कागदांसाठी जायचो तेव्हा पाहायचो, पाचव्या महिन्यात केलर खुर्चीवर बसून पाइप ओढायचे आणि हिराजी यंत्र चालवायचा. जाण्याआधी त्यांनी मालकांना सांगितलं, यंत्रं घ्याल तेव्हा विभाग या माणसाच्या हाती द्या. मालकांनी कबूल केलं. हिराजी फोरमन होणार हे कारखान्यात सगळ्यांना माहीत झालं. मी अभिनंदन केलं तर तो लाजून म्हणाला, अजून यंत्रं यायचीत, तोंड गोड करायची घाई नको.

सहा महिने भरत आले आणि मध्ये आला दसरा. खंडेनवमीला कारखान्यात काय असतं ते ठाण्या-कल्याणकडच्या माणसाला सांगायला नको. आदल्या आठवड्यापासून प्रत्येक कामगार आपलं यंत्र खरवडून धुतो, घासतो, तेलपाणी करतो, रंगाचा हात देतो, आणि नवमीला झेंडूची माळ घालून हळदकुंकू वाहतो. आपल्या यंत्राला जो वर्षभर शिव्या घालतो तोही त्या दिवशी त्याच्या पाया पडतो. हिराजीचं यंत्र तर पाहुणं, वर चार दिवसांनी निघणारं. लेकीला सासरी पाठवताना न्हाऊमाखू घालतात तसं त्यानं त्याचं केलं. खाडीच्या खाऱ्या वाऱ्यानं नंबराच्या जागी तांबेरा चढला होता. त्यानं एमरी कागदानं तो घासला. नंबर मुळातच उथळ ठोकलेला, तांबेऱ्याबरोबर तोही निघून गेला. हिराजीला नंबर पाठ होता, सहा महिने रोज पुसत होता तो. त्यानं कारखान्यातले नंबराचे पंच, म्हणजे आकडे ठोकायचे पोलादी ठसे, घेतले आणि त्याच जागी, त्याच ओळीत, तोच नंबर पुन्हा ठोकला. कारखान्यातले पंच आपले नेहमीचे. त्यांतल्या साताला रेघ नव्हती.

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी मी यंत्र पेटीत भरण्याआधी खुणा ताडायला गेलो. यंत्र आरशासारखं चकचकीत, खाचांत हळदीकुंकवाचे कण. हिराजी बाजूला हाताची घडी घालून उभा. मी वाकलो, नंबरावरून बोट फिरवलं आणि तिथल्या तिथं समजलो. नुसत्या रेघेमुळे नव्हे. जुन्या खुणेच्या कडा गुळगुळीत असतात, या बोटाला लागत होत्या.

त्या वेळी काय करायला हवं होतं ते मला पुरतं ठाऊक होतं. हिराजीला विचारायचं, मालकांचं पत्र घ्यायचं की सफाईत नंबर गेला म्हणून पुन्हा ठोकला. केलर तेव्हा मुंबईत हॉटेलात होते, चार दिवसांनी त्यांची बोट होती. त्यांची सही घ्यायची की यंत्र हेच आहे. संपलं. कस्टमनं कपाळाला आठ्या घातल्या असत्या, क्षुल्लक दंड केला असता. पण त्यासाठी यंत्राची बोट चुकली असती. हमीपत्राची मुदत आठ दिवसांवर आलेली, ती वाढवून घ्यायला पुन्हा अर्ज, पुन्हा खेटे, आणि आमच्या शेठच्या शिव्या. शेठ वाईट नव्हते, तोंडाळ होते. मी त्यांच्या तोंडाला भ्यालो, आणि थोडा आळसही केला. मनात म्हटलं, नंबर तर तोच आहे, रेघ कोण बघतंय? सरळ उभा राहिलो आणि म्हणालो, “ठीक आहे.” कागदावर लिहिलं, खुणा ताडून पाहिल्या, जुळतात. खाली सही केली.

केलर त्यांच्या बोटीनं गेले. त्यानंतर गोदीत यंत्राची पाळी आली, आणि रेघ बघणारा तपासनीस तिथं होता. हमीपत्राचा ठसा त्यानं नंबराशेजारी धरला, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“तुम्ही ताडून पाहिलंत ना?” त्यानं मला विचारलं.

मी हो म्हणालो.

“मग हे दिसलं नाही?”

इथं तरी खरं सांगता आलं असतं. मी म्हणालो, “नाही साहेब, लक्षात आलं नाही. कारखान्यात कुणीतरी केलं असेल.”

हे शेवटचं वाक्य त्यानं विचारलंही नव्हतं. ते मी आपण होऊन बोललो. स्वतःच्या पायाखालचा निखारा दुसऱ्याच्या पायाखाली सरकवावा तसं ते वाक्य होतं, आणि ते ज्याच्या पायाखाली जाणार तो कोण हे मला ठाऊक होतं.

त्या काळी एक लबाडी चालत असे. चांगलं यंत्र इथंच ठेवायचं, त्याचा नंबर एखाद्या मोडक्या यंत्रावर ठोकायचा आणि ते परत पाठवायचं. तपासनिसाला तोच संशय आला, आणि त्याचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. यंत्र अडकवून ठेवलं. चौकशी लागली. कारखान्याच्या मालकांचा कच्च्या मालाचा परवाना अशाच सरकारी खात्यांच्या मर्जीवर, ते घाबरले. हिराजीला गोदीत बोलावणं आलं.

तो धुतलेला सदरा घालून आला. त्याची बोली चौकशीवरच्या साहेबाला कळेना, म्हणून भाषांतराला मलाच बसवलं. हिराजीनं काहीच लपवलं नाही. तांबेरा घासला, नंबर गेला, परत ठोकला. कुणाच्या परवानगीनं, असं विचारल्यावर तो गोंधळला. म्हणाला, “परवानगी कसली सायेब? नंबर त्योच हाय. मी काय दुसरा ठोकला का?”

मी ते इंग्रजीत केलं आणि कारकुनानं लिहून घेतलं. कागदावर आलं ते असं, की मी यंत्रावरचा मूळ क्रमांक नष्ट केला आणि त्या जागी स्वतः क्रमांक कोरला. एक शब्द खोटा नव्हता, पण वाचणाऱ्याला तो कबुलीजबाब वाटावा. मी तो त्याला मराठीत वाचून दाखवला. तो म्हणाला, बरोबर आहे, आणि एकेक अक्षर जुळवत सही केली. माझ्याकडे त्यानं पाहिलं तेव्हा मी टाक पुसत होतो.

आठवड्याच्या आत मालकांनी त्याला काढून टाकलं. दोषी इसमास कामावरून कमी केले आहे, असं पत्र त्यांनी कस्टमला दिलं आणि स्वतःची मान सोडवून घेतली. ते पत्र पोचवणारा मीच. चौकशीच्या कागदांत माझ्या नावापुढे नजरचूक असा शेरा बसला. नजरचुकीला शिक्षा नसते. शेठ दोन दिवस बोलले, तिसऱ्या दिवशी चहा पाजला.

स्वित्झर्लंडला पत्र गेलं, केलरचं उत्तर यायला अडीच महिने लागले. त्यांनी आतल्या भागांवरच्या बारीक खुणांची यादी धाडली. त्या तंतोतंत जुळल्या. यंत्र तेच होतं, हिराजी खरा होता. दंड भरून यंत्र सुटलं आणि गेलं. मी ठाण्याला जाऊन मालकांना म्हणालो, आता त्याला परत घ्या. मालक म्हणाले, “अहो, कस्टमच्या कागदावर नाव चढलेला माणूस मी फोरमन कसा करू? आणि त्याच्या जागी मी दुसरा घेतलासुद्धा.” मी तिथं भांडायला हवं होतं. पण भांडायचं तर सांगावं लागलं असतं की चूक त्याची नाही, नंबर बदललेला मला आधीच कळला होता. मी नमस्कार करून निघालो. पुढं विकत घेतलेली दोन यंत्रं आली, तीही माझ्याच हातून सुटली.

हिराजीला ठाण्यातल्या दुसऱ्या कारखान्यांनीही उभं केलं नाही. नंबर बदलणारा फिटर, असं त्याचं नाव झालं. तो बापाच्या मिठागरावर परत गेला, असं मला कारखान्याच्या पहारेकऱ्याकडून कळलं. हे ऐकल्यापासून मला स्वस्थता नव्हती. जेवताना मी मीठ मागायचं बंद केलं, इतका वेडेपणा. दोन वर्षांनी बायकोनं एकदा खोदून विचारलं तेव्हा तिला सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं खाली ठेवून म्हणाली, “मग त्यांना जाऊन सांगून या. त्यांची नोकरी परत येणार नाही, पण कुणामुळे गेली ते तरी कळेल.” बायकांना सगळं सोपं वाटतं, असं मी तेव्हा म्हणालो. पण ते सोपंच होतं.

एका रविवारी कळव्याला उतरून विचारत विचारत त्याच्या गावी गेलो. तो मिठागरात उभा होता, गुडघ्याच्या खालपर्यंत पाय पांढरे, हातात लांब दांड्याचं फावडं. मला बघताच ओळखलं. फावडं ठेवून घरी घेऊन गेला. बायकोला कोरा चहा करायला सांगितला. हात पाहिले त्याचे, मिठानं चिरा पडलेले. याच हातांनी तो केसाएवढं माप पकडायचा.

मी म्हणालो, “हिराजी, त्या नंबराबद्दल तुला एक सांगायचं आहे.”

“थांबा सायेब,” तो म्हणाला. “आदी मना इच्यारू द्या. दोन वर्सं मनात हाय.”

त्यानं बायकोला बाहेर बोलावलं, शेजारचा त्याचा थोरला भाऊही येऊन बसला. मला वाटलं, आता हा सगळ्यांदेखत विचारणार, आणि एका परीनं बरंच वाटलं.

“यो बग, कस्टमचं सायेब,” हिराजी भावाला म्हणाला. “यांचा जलम गेला नंबर बगन्यात. यांनी माज्या नंबरावरशी बोट फिरवला. माजा जीव खालवर होत व्हता. आन् हे बोल्ले, ठीक हाय.” मग माझ्याकडे वळला. “सायेब, खरा सांगा. तुमाला पन नाय ना कलला? मी यांना सांगतो, आपला हात तेवडा साफ व्हता, कस्टमच्या मानसाला पन नाय कलला. त्यो चष्मेवाला कागद घेऊन बसला, म्हून त्याला गावला. हाताला नाय गावला. यांना पटत नाय.”

भाऊ हसत होता. बायको दाराशी चहाचा पेला घेऊन थांबली होती. तिघंही माझ्या तोंडाकडे पाहत होते. गेलेल्या फोरमनकीतलं एवढंच त्याच्याजवळ उरलं होतं, आणि मी जे सांगायला आलो होतो त्यानं तेही गेलं असतं.

मी म्हणालो, “नाही हिराजी. मला नाही कळलं.”

“आयकला?” तो भावाला म्हणाला, आणि पेला स्वतःच्या हातानं माझ्यापुढे ठेवला.

त्याला जपण्यासाठी खोटं बोललो की पुन्हा एकदा स्वतःलाच वाचवलं, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. गोदीत आणि इथं, दोन्ही वेळा उत्तर तेच होतं. हिराजी जाऊन आता बरीच वर्षं झाली, त्याची बायको आणि भाऊही गेले, माझी बायकोही गेली. लिहायला मोकळा झालो तो असा, विचारणारं कुणी उरलं नाही म्हणून.

त्या रविवारी संध्याकाळी डोंबिवलीला घरी पोचलो. बायको ओट्याशी उभी होती. तिनं विचारलं, “सांगून आलात?”

मी हो म्हणालो.